केडी सात नावाची फाइल

केडी सात नावाची फाइल काढून टाकावी असं लेखी देणारी स्वप्नालीच होती. म्हणून मंगळवारी दुपारी बाराला वीस मिनिटं कमी असताना ती फाइल स्क्रीनवर भलत्याच ठिकाणी दिसली, तेव्हा आधी तिला वाटलं की आपलं चित्रच चुकलंय.

उल्हासनगर चारमध्ये, विठ्ठलवाडी स्टेशनापासून चालत सात-आठ मिनिटांवर तिचं ऑफिस होतं. खाली जीन्स शिवायचा कारखाना, वर कल्पेश सरांची कंपनी. सहा माणसं, दोन खोल्या, आणि दिवसभर पायांखालून येणारी शिलाई मशीनची घरघर. केमिकल कारखान्यांतले रिअॅक्टर, म्हणजे माल शिजवायची ती टाक्यांएवढी बंद भांडी, चालवायचं सॉफ्टवेअर ही कंपनी करायची. कुठला वॉल्व्ह कधी उघडायचा, कधी तापवायचं, कधी गार करायचं, सगळं त्यातून व्हायचं. अठरा वर्षांत अकरा जणांनी लिहिलेलं ते सॉफ्टवेअर. दोन हजारांच्या वर फाइली. लिहिणारे निघून गेलेले, आणि उरलेल्यांनी एका जागी हात लावला की तिसरीकडेच काहीतरी बिघडायचं.

या गुंत्याचा नकाशा काढायला कल्पेश सरांनी दोन वर्षांपूर्वी स्वप्नाली गायकरला नोकरीवर घेतलं होतं. चामटोलीची मुलगी, एम.ई. झालेली, तिचा प्रोजेक्टच या विषयावरचा. प्रत्येक फाइल म्हणजे एक ठिपका. एका फाइलीने दुसरीला हाक मारली की दोघींमध्ये एक रेघ. आईने विचारलं होतं, तू करतेस तरी काय, तेव्हा तिने सांगितलं होतं, "आपल्या आळीत कोण कोणाकडे जातं-येतं ते कागदावर काढलं, तर कुठली घरं एका भावकीची ते न विचारता कळेल ना? तसंच." त्यावर तिने मशीन लर्निंगचा एक प्रोग्राम बसवला होता. मागच्या काही वर्षांत लोकांनी विचार करून काढून टाकलेल्या शे-सव्वाशे फाइली त्याला दाखवल्या. मेलेली फाइल कशी दिसते हे तो त्यावरून शिकला, आणि उरलेल्या प्रत्येक फाइलीला मार्क देऊ लागला.

एक्केचाळीस फाइलींना नव्वदच्या वर मार्क पडले. केडी सातला सत्त्याण्णव. तिच्याकडे एकही रेघ येत नव्हती, तिच्यातून एकही जात नव्हती, आणि कित्येक वर्षांत कोणी तिला हात लावला नव्हता. कल्पेश सर खूश झाले. त्या एक्केचाळीस फाइली काढून ऑफिसातल्या सेटअपवर दहा दिवस सगळं चालवून बघितलं. काहीच अडलं नाही. रविवारी स्वप्नालीने स्वतः अंबरनाथच्या एका कारखान्यात जाऊन नवं व्हर्जन चढवलं आणि कागदावर सही करून ती परत आली.

मंगळवारी सकाळी ती त्याच नकाशाचं दुसरं रूप तयार करत होती. या वेळी रेघा वेगळ्या होत्या. कोणी कोणाला हाक मारली हे न बघता, अठरा वर्षांत कुठल्या दोन फाइली एकाच दिवशी दुरुस्त झाल्या, हे ती बघत होती. ज्या फाइली वर्षानुवर्षं जोडीने दुरुस्त होतात त्यांचं काहीतरी नातं असणार, असा त्यामागचा हिशेब. काढून टाकलेल्या एक्केचाळीस फाइली तुलनेसाठी तिने राखाडी रंगात ठेवल्या होत्या. बटण दाबलं. ठिपके एकमेकांना ढकलत, ओढत आपापल्या जागी बसू लागले. राखाडी ठिपके एकेक करून कडेला गेले. चाळीस.

एक्केचाळिसावा मधोमध होता. तापमान मोजणाऱ्या फाइलींच्या ऐन घोळक्यात.

तिने जुन्या नोंदी उघडल्या. केडी सात एकूण सात वेळा बदलली गेली होती, आणि सातही वेळा त्याच दिवशी तापमान वाचणारी मुख्य फाइलही बदलली होती. बदलणाऱ्याचं नाव एकच: के. डोंगरे. शेवटची तारीख २०१९ची.

मग हिला हाक कोण मारतं? सगळ्या कोडमध्ये शोधलं. कुठेच नाव नाही. ती खुर्चीत मागे टेकली आणि तेवढ्यात तिच्या मनात आलं की आपण फक्त कोडमध्ये शोधतोय. प्रत्येक मालाची एक रेसिपी असते. साधी यादी, पहिल्या ओळीला हे कर, दुसऱ्या ओळीला ते कर. ती गिऱ्हाइकाकडे असते, ती कोड नव्हे, म्हणून नकाशात तिने ती घेतलीच नव्हती. अंबरनाथच्या कारखान्याच्या बॅकअपमध्ये दोनशे बारा रेसिप्या होत्या. ऑफिसात टेस्टिंगला त्यातल्या पाच.

शोधायला एक सेकंदही लागला नाही. एकतीस नंबरची रेसिपी, ओळ एकोणीस: केडी सात.

आता एकच प्रश्न उरला. रेसिपीत लिहिलेली फाइल सापडली नाही, तर सॉफ्टवेअर काय करतं? तिने तो भाग उघडला. अकरा ओळी होत्या. सापडली तर चालव. नाही सापडली तर पुढच्या ओळीवर जा. ना घंटा, ना लाल अक्षरं.

स्वप्नालीने फोन उचलला.

कारखान्यातल्या पॅनेलचा, म्हणजे जिथून रिअॅक्टर चालवतात त्या टेबलाचा, फोन नंबर तिच्याकडे होता. पॅनेलवर आनंदाकाका असायचे. सत्तावीस वर्षं त्याच कारखान्यात काढलेला माणूस. रविवारी त्यांनी तिचं आडनाव ऐकून "चामटोलीच्या गायकरांची का तू?" असं विचारलं होतं आणि डब्यातली अर्धी भाकरी तिच्यापुढे केली होती.

"काका, आज काय चालू आहे?"

"एकतीस नंबर," आनंदाकाका म्हणाले. "दोन-अडीच महिन्यांनी लागलाय. सकाळीच चढवला. काय गं?"

"डोसिंग कधी?"

"दीडला सुरू व्हईल. आता नुसता तापतोय."

डोसिंग म्हणजे आतल्या गरम मालात दुसरं द्रावण हळूहळू सोडणं. दोन्ही भेटली की आपोआप उष्णता तयार होते, हे स्वप्नालीला या दोन वर्षांत माहीत झालं होतं.

"काका, सुरू करू नका. मी सांगेपर्यंत थांबा."

"पोरी, तुझ्या तोंडी सांगण्यावर मला बॅच थांबवता यायची नाय. हरेश साहेबांशी बोल. त्यांनी सांगितलं तर मी लगेच थांबवतो."

हरेश साहेब म्हणजे प्लांट मॅनेजर. त्यांचा फोन लागला नाही. तिने कल्पेश सरांना लावला. ते वापीला एका गिऱ्हाइकाकडे होते, मीटिंगमधून बाहेर येऊन हळू आवाजात बोलले. तिने एका दमात सगळं सांगितलं.

"ती फाइल करते काय?" त्यांनी विचारलं.

"वाचतेय, सर. सगळी नावं ए, बी, टी वन, टी टू अशी आहेत. तापमानाशी संबंध आहे एवढं नक्की."

"म्हणजे तुला माहीत नाही."

"नाही अजून."

"मग त्यांना काय सांगणार? दहा दिवस टेस्टिंग झालंय, तूच केलंयस. त्यांची चालू बॅच थांबवायला सांगायची आणि नंतर काहीच निघालं नाही, तर पुन्हा ते आपल्याला दारात उभं करतील का? आधी नक्की कर. मग बोलू." आणि ते मीटिंगला परत गेले.

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

के. डोंगरे म्हणजे कुंदा डोंगरे. स्वप्नाली येण्याच्या आधीच त्या रिटायर झाल्या होत्या. बदलापूरच्या बाहेर सोनिवलीत नव्या बिल्डिंगमध्ये राहतात, एवढं ऑफिसात ऐकलेलं. जुन्या रजिस्टरमधून नंबर काढून तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला गेला.

"मॅडम, मी कल्पेश सरांच्या ऑफिसातून स्वप्नाली. केडी सात काय करते?"

"केडी सात?" बाईंच्या आवाजात आधी नवल होतं, मग ते गेलं. "का? काय झालं?"

"नव्या व्हर्जनमध्ये ती नाहीये."

"कोणी काढली?"

"मी."

बाईंनी विचारलं, "एकतीस नंबर कधी लागणार आहे?"

"आज लागलाय. दीडला डोसिंग."

"नीट ऐक," कुंदा मॅडम म्हणाल्या. शाळेत गणित शिकवावं तसा त्यांचा सूर होता, घाई अजिबात नाही. "त्या मालाची खोड आहे. सोडलेलं द्रावण लगेच लागू पडत नाही, आत साचत राहतं. आणि मग एकदम सगळं मिळून पेट घेतं. २०११ला झालेलं. झाकणाचं पॅकिंग उडालं आणि दोन माणसं भाजली. तिथे पंच्याण्णव अंशांचा कट-ऑफ आहे, तेवढं तापलं की सगळं आपोआप बंद होतं. तेव्हाही होता. पण पंच्याण्णवला पोचेपर्यंत खेळ हाताबाहेर गेलेला असतो. तापमान किती आहे ते बघायचंच नाही. किती वेगानं चढतंय ते बघायचं. मिनिटाला दोन अंशांच्या वर गेलं की डोसिंग बंद, गार पाणी पूर्ण सुरू. केडी सात तेवढंच करते."

"मग ती कोडमध्ये कुठेच जोडलेली का नाही?"

"तेव्हा सगळा प्रोग्राम नव्याने तपासायला कोणी वेळ दिला नाही मला. एका मालापुरती गोष्ट आहे, रेसिपीत टाक, म्हणाले. टाकली. लिहून ठेवायला हवं होतं, ते राहिलं." त्या थांबल्या. "तू अजून ऑफिसातच आहेस का?"

"हो."

"फोनवर कोणी ऐकायचं नाही. नीघ."

लॅपटॉप पाठीवर टाकून स्वप्नालीने स्कूटर काढली. गल्लीच्या तोंडाशी जीन्सच्या गठ्ठ्यांची हातगाडी आडवी लागली होती, ती निघेपर्यंत तीन मिनिटं गेली. फर्निचर बाजारापाशी कल्याण-बदलापूर रस्ता तुंबलेला. दोन कंटेनरमधल्या फटीतून तिने स्कूटर काढली, तसा मागून कोणीतरी हिंदीत शिवी हासडली. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. एक वाजून गेला. थांबून तिने हरेश साहेबांना पुन्हा फोन लावला. बिझी. कल्पेश सरांचा बंद.

कारखान्याच्या गेटवर वॉचमनने वही पुढे केली. कोणाकडे, कशासाठी, गाडी नंबर, मोबाइल इथे जमा करा. हेल्मेटशिवाय आत सोडत नाहीत, आणि हेल्मेट आणायला गेलेला माणूस लवकर येईना. "अर्जंट आहे" असं ती तीनदा म्हणाली. "सगळ्यांचं अर्जंटच असतं, मॅडम," वॉचमन म्हणाला. तो उद्धट नव्हता, नियम पाळत होता. तिने ओठ घट्ट मिटून सही केली.

कंट्रोल रूममध्ये ती शिरली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून चव्वेचाळीस झाले होते. पॅनेलसमोर आनंदाकाका, त्यांच्यामागे उभे राहून फायलीवर सह्या करणारे हरेश साहेब. स्क्रीनवर डोसिंगचा वॉल्व्ह हिरवा. चौदा मिनिटं झाली होती.

"साहेब, डोसिंग बंद करा," ती धापा टाकत म्हणाली.

हरेश साहेबांनी पेन खिशाला लावलं. पन्नाशीचे, शांत गृहस्थ. "बसा आधी. काय झालंय?"

तिने सांगितलं. नकाशा, राखाडी ठिपका, रेसिपीतली एकोणिसावी ओळ, कुंदा मॅडमचं बोलणं. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"रविवारी तुम्हीच सही करून गेलात की सगळं ओके आहे."

"हो. चूक माझी आहे."

"आणि आज तुम्हीच सांगताय की बंद करा. मध्येच डोसिंग तोडलं तर माल बिघडतो, आतल्या आत गोठला तर भांडं पंधरा दिवस बंद. पंच्याण्णवचा कट-ऑफ आहे आमच्याकडे. वेगळ्या वायरीवर, तुमच्या सॉफ्टवेअरचा त्याला संबंध नाही." त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. एकसष्ट अंश. "एवढं शांत चाललंय. तुमची किती खात्री आहे की आज काही होईल?"

स्वप्नालीला खोटं बोलता आलं असतं. शंभर टक्के, असं म्हणाली असती तर कदाचित काम लगेच झालं असतं. पण सत्त्याण्णव हा आकडा सकाळपासून तिच्या डोक्यात ठणकत होता.

"आज होईलच असं मी सांगू शकत नाही," ती म्हणाली. "पण झालंच, तर ते वेळेत बघणारं या घडीला कोणी नाही. ते मी काढून टाकलंय."

हरेश साहेब उत्तर देणार तोच आनंदाकाका खुर्चीतल्या खुर्चीत वळले.

"साहेब, एक बोलू? एकतीस नंबरला ह्यो डोस मध्येच थांबतो. आपला आपण. दोन मिनिटं, तीन मिनिटं, मग परत सुरू. दर बॅचला. आम्हांला वाटायचं वॉल्व्हच तसला हाये." त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. "पैल्या दहा मिनिटांत एकदा तरी थांबतोच. आज नाय थांबला."

स्वप्नालीला आता उलगडलं. म्हणजे केडी सात कधीतरी, अडीअडचणीला लागणारी गोष्ट नव्हती. ती दर खेपेला काम करत होती, गुपचूप, चौदा वर्षं, आणि कोणाला पत्ता नव्हता.

"कितीदा थांबतो?" हरेश साहेबांनी विचारलं.

"तीनदा, चारदा. मोजलं नाय कधी."

हरेश साहेबांनी दोन पावलं पुढे येऊन स्क्रीन बघितला. एकसष्ट पूर्णांक चार. "बंद कर," ते म्हणाले.

आनंदाकाकांनी वॉल्व्ह बंद केला, गार पाणी पूर्ण सोडलं. हिरवा रंग लाल झाला. एक वाजून एकोणपन्नास.

"आता चढायला नको," हरेश साहेब म्हणाले.

"चढेल," स्वप्नाली म्हणाली. "एकोणीस मिनिटांचं आत साचलंय."

चढलं. पहिल्या मिनिटाला एक अंश. दुसऱ्या मिनिटाला तीन. हरेश साहेबांनी भिंतीवरचा फोन उचलून शेड रिकामी करायला सांगितलं. भोंगा वाजला. काचेतून दिसलं, माणसं हातातलं काम टाकून गेटाकडे चालली होती, कोणी धावत नव्हतं. तशी सवय त्यांना मॉक ड्रिलने लावलेली. कंट्रोल रूमपासून रिअॅक्टर तीस-बत्तीस पावलांवर होता.

"तुम्हीही बाहेर, मॅडम," हरेश साहेब म्हणाले.

"आकडे वाचायला एक माणूस लागंल, साहेब," आनंदाकाका म्हणाले. त्यांचे दोन्ही हात पाण्याच्या पंपाच्या बटणांवर अडकले होते. "मला तिकडं बी बघायचं आणि इकडं बी, जमायचं नाय."

हरेश साहेबांनी तिच्याकडे बघितलं. ती खुर्ची ओढून बसली.

"अडुसष्ट," ती म्हणाली. "एकाहत्तर. चौऱ्याहत्तर पूर्णांक पाच."

तिचा स्वतःचा आवाज तिला लांबून येत असल्यासारखा वाटत होता. दर पंधरा सेकंदांनी एक आकडा. शेजारच्या कागदावर ती दोन आकड्यांमधला फरक लिहीत होती. हेच ते काम, जे एक छोटीशी फाइल करत होती. फरक तिनाच्या खाली येत नव्हता. अठ्ठ्याहत्तर. एक्क्याऐंशी. चौऱ्याऐंशी पूर्णांक दोन. हरेश साहेब दुसरा पंप सुरू करायला स्वतः बाहेर गेले, त्या भांड्याच्या दिशेने, आणि काकांनी तोंडातल्या तोंडात कुठल्याशा देवाचं नाव घेतलं.

"शहाऐंशी पूर्णांक सहा," ती म्हणाली. "अठ्ठ्याऐंशी पूर्णांक चार."

मग कागदावरचे आकडे बघून तिने डोळे चोळले. फरक कमी झाला होता. तीन पूर्णांक दोनच्या जागी दोन पूर्णांक चार, त्यानंतर एक पूर्णांक आठ.

"काका, वेग उतरतोय."

"आकडा सांग."

"एकोणनव्वद पूर्णांक सात. नव्वद पूर्णांक पाच." पुढचा आकडा यायला पंधरा सेकंद लागले, नेहमीइतकेच. "नव्वद पूर्णांक नऊ. नव्वद पूर्णांक नऊ."

तिसऱ्यांदाही तोच आला. चौथ्यांदा नव्वद पूर्णांक सात. आनंदाकाकांनी बटणांवरचे हात काढले नाहीत. ऐंशीच्या खाली येईपर्यंत त्यांनी ते तसेच ठेवले, आणि मग खुर्चीला टेकून टॉवेलने मान पुसली. हरेश साहेब आत आले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटलेला होता. थोड्या वेळाने साहेबांनीच कोणालातरी चहा सांगितला.

चार वाजता गेटवरून मोबाइल परत मिळाला. कल्पेश सरांचे नऊ मिस्ड कॉल. तिने फोन लावला.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "कोणाला लागलं नाही ना?"

"नाही."

"देवाची कृपा. आता असं कर, त्यांना रिपोर्ट द्यावा लागेल. त्यात 'नव्या व्हर्जनमधली किरकोळ तांत्रिक त्रुटी, तत्काळ दुरुस्त' एवढंच लिही. जास्त खोलात जायची गरज नाही."

"सर, हेच व्हर्जन उद्या आणखी दोन ठिकाणी चढणार आहे."

"ते थांबवू ना. आतल्या आत."

"रिपोर्टमध्ये लिहिलं नाही, तर पुढच्या वर्षी दुसरं कोणीतरी हेच करेल," ती म्हणाली. "मी काढली, कशावरून काढली, आणि नकाशात काय घ्यायचं राहिलं, ते सगळं लिहिणार आहे. तुमची सही नको असेल तर माझ्या एकटीची टाकते."

कल्पेश सर म्हणाले, "पाठव. वाचतो." त्यांनी सही केली, पण त्यानंतर आठ-दहा दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलत होते. अंबरनाथच्या कारखान्याने तीन महिने नवं काहीही चढवायला मनाई केली. एक्केचाळीस फाइली जागच्या जागी परत गेल्या. रात्री झोप लागायच्या वेळेला तिच्या कानात तिचाच आवाज आकडे वाचायचा, ते महिनाभर चाललं.

पहिली दुरुस्ती तिने त्या अकरा ओळींत केली. रेसिपीतलं नाव सापडलं नाही, तर पुढे जायचंच नाही. थांबायचं, आणि मोठ्यांदा सांगायचं. दुसरी दुरुस्ती नकाशात. आता रेसिप्याही ठिपके झाल्या होत्या, आणि कुठलीही फाइल काढण्याआधी पॅनेलवरच्या माणसांना विचारायचं, असं तिने यादीच्या वर लिहून ठेवलं. त्या अकरा ओळींची दुरुस्ती बदलापूरच्या एका कारखान्याने मागून घेतली. चढवली त्या सकाळी स्वप्नाली तिथेच उभी होती.

पहिलीच रेसिपी सुरू झाली आणि स्क्रीन लाल झाला. केडी चार सापडत नाही.

केडी चार तिच्या यादीत नव्हती. तिने ती काढलेली नव्हती. नोंदी बघितल्या, तर ती २०१६लाच कोणीतरी काढून टाकली होती. म्हणजे इतकी वर्षं हा कारखाना तिच्याशिवाय चालत होता, दर बॅचला, आणि सॉफ्टवेअर गुमान पुढच्या ओळीवर जात होतं. पॅनेलवरचा माणूस तिच्या तोंडाकडे बघत होता. तिने बॅच थांबवायला लावली आणि स्कूटर थेट सोनिवलीला काढली.

कुंदा मॅडम गच्चीत पापड वाळत घालत होत्या. पहिल्यांदाच दोघी समोरासमोर भेटत होत्या. तिच्याकडे बघून बाईंनी हात पदराला पुसले. "आता काय?"

"केडी चार, मॅडम."

बाईंनी डोळे बारीक केले. आठवायला त्यांना बराच वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात स्वप्नालीने मनातल्या मनात त्या बदलापूरच्या कारखान्यातली सगळी माणसं बाहेर काढली.

"अगं, ती घंटा," कुंदा मॅडम म्हणाल्या. "पाळी बदलायच्या दहा मिनिटं आधी पॅनेलवर घंटा वाजायची. त्यांच्या सुपरवायझरला हवी होती. दुसरं काही नाही."

"नक्की?"

"नक्की." मग बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि पापडाचं ताट कठड्यावर ठेवलं. "बस आधी. पाणी देते. आणि तो लॅपटॉप काढ. केडी एकपासून सुरू करू. मला आठवतंय तोवर लिहून घे."

स्वप्नाली गच्चीच्या पायरीवर बसली. आधी तिने बदलापूरला फोन करून बॅच पुढे चालू करायला सांगितलं, मग लॅपटॉप उघडला. केडी एक ते केडी बावीस लिहून व्हायला संध्याकाळ झाली. केडी तेरापाशी कुंदा मॅडम अडल्या. पुन्हा पुन्हा कोड वाचला, चष्मा पुसला. काही केल्या आठवेना.

"काढायची नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही," स्वप्नाली म्हणाली, आणि केडी तेरापुढे 'माहीत नाही' असं लिहिलं.